उंच इमारतींचे नियम आणि हरकतींचे उत्तर

काही वर्षांपूर्वी मी उत्तर भारतातील एका शहरात प्रतिनियुक्तीवर होतो. त्या शहराच्या इमारत नियमावलीत एक सुधारणा प्रस्तावित होती. रुंद रस्त्यालगतच्या भूखंडांवर १५ मीटरऐवजी ४५ मीटर उंचीपर्यंत बांधकामास परवानगी द्यावयाची होती. रीतसर हरकती व सूचना मागविण्यात आल्या, आणि त्यांच्या सुनावणीसाठी नेमलेल्या समितीत आर्थिक बाजूचा जाणकार म्हणून माझाही समावेश झाला. सभागृहात सुमारे दोनशे माणसे होती, व्यासपीठावर आम्ही पाच जण, आणि प्रत्येक हरकतदारास तीन मिनिटे.

जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वेळी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या हातात कागद नव्हता. ते म्हणाले, "साहेब, माझ्या घराच्या दक्षिणेचा भूखंड मोठ्या रस्त्याला लागून आहे. तिथे आपल्या नियमाप्रमाणे इमारत उभी राहिली, तर थंडीच्या दिवसांत माझ्या अंगणात ऊन येईल की नाही, एवढेच सांगा." उत्तरेकडच्या थंडीत दुपारच्या उन्हाचे मोल काय असते, हे तिथे एक हिवाळा काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. अध्यक्षांनी "आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे" असे सांगितले आणि पुढचे नाव पुकारले गेले.

अंतिम प्रस्तावासोबतच्या टिप्पणीत एक वाक्य होते : 'प्राप्त झालेल्या सर्व हरकती व सूचनांचा यथोचित विचार करण्यात आला आहे.' ते वाक्य मीच लघुलेखकाला सांगितले होते. नस्तीवर स्वाक्षरीही माझीच आहे.

वाक्य माझे असले तरी त्याचे कूळ जुने आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे तेविसावे कलम सांगते की, जे नियम पूर्वप्रसिद्धीनंतर करावयाचे आहेत त्यांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा, विचारासाठी तारीख ठरवावी आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्यात. मात्र विचार केला हे कसे दाखवावयाचे, याबद्दल कलम मौन बाळगते. उलट त्याच कलमाच्या शेवटी असेही म्हटले आहे की, नियम राजपत्रात प्रसिद्ध झाला हाच तो रीतसर केला गेल्याचा निर्णायक पुरावा समजावा. परकीय सरकारने आपल्या सोयीसाठी केलेली ही तरतूद होती. स्वातंत्र्यानंतरचे आपले नगररचनेचे कायदे, मग तो दिल्लीचा १९५७ चा असो वा महाराष्ट्राचा १९६६ चा, हरकती आणि सुनावणीची व्यवस्था अधिक तपशिलाने सांगतात. पण प्रत्येक हरकतीचे सकारण उत्तर हरकतदाराच्या हाती पडावे, हा आग्रह प्रत्यक्ष व्यवहारात कुठेही रुजलेला दिसत नाही. आपण निमंत्रणाची पद्धत नीट बसवली. उत्तराची पद्धत बसवलीच नाही. उंच इमारतींच्या बाबतीत ही उणीव इतर कोणत्याही नियमापेक्षा अधिक महाग पडते असे माझे मत झाले आहे, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे.

एखाद्या धरणाची वा खाणीची परवानगी द्यावयाची असेल तर पर्यावरण मंजुरीच्या टप्प्यावर जनसुनावणी होते. २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारत प्रकल्पालाही २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, परंतु त्याच अधिसूचनेने इमारती, बांधकामे व वसाहती यांना जनसुनावणीतून वगळले आहे. नकाशा मंजुरी हा तर अर्जदार आणि प्राधिकरण या दोघांमधला विषय. तेव्हा शेजाऱ्याला बोलण्याची संधी मिळते ती एकदाच, नियम तयार होत असताना. पण त्या वेळी त्याच्यासमोर कोणतीही इमारत नसते. असतो फक्त एक तक्ता : रस्त्याची रुंदी, भूखंडाचे क्षेत्र, अनुज्ञेय उंची, सोडावयाची मोकळी जागा. पाच-सात वर्षांनी त्या तक्त्यातून तीस मजले उगवतात आणि मग त्याला कळते की आपली हरकतीची मुदत केव्हाच संपली आहे.

नोएडाच्या जोडमनोऱ्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते सुमारे शंभर मीटर उंचीचे मनोरे काही सेकंदांत पाडले गेले आणि दूरचित्रवाणीवर ते दृश्य देशाने पाहिले. मला मात्र त्या स्फोटापेक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑगस्ट २०२१ च्या निकालातील एक साधा तपशील अधिक बोलका वाटतो. रहिवाशांनी आपल्याच आवारातील या इमारतींचे मंजूर नकाशे मागितले, तेव्हा ते द्यावेत काय याबद्दल प्राधिकरणाने विकासकाचे म्हणणे मागविले. विकासकाने नकार दिला आणि नकाशे मिळाले नाहीत. आधी २४ मजल्यांचा असलेला मंजूर आराखडा २०१२ मध्ये ४० मजल्यांचा झाला होता. दोन इमारतींमधील किमान अंतराचा नियम मोडला गेला होता, आणि हे सिद्ध करण्यासाठी रहिवाशांना आधी अलाहाबाद उच्च न्यायालय व नंतर सर्वोच्च न्यायालय अशी सुमारे दहा वर्षांची वाट चालावी लागली. नियम चांगला होता. तो कोणासाठी आहे हे प्राधिकरण विसरले होते.

आता थोडे अर्थशास्त्र. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपल्या बोलण्यातला एफएसआय, हा दिसायला एक गुणोत्तर आहे, पण व्यवहारात तो पैसा आहे. एकाचे दोन केले की त्याच जमिनीवर दुप्पट बांधकाम होते आणि जमिनीचा धनी एका अधिसूचनेने श्रीमंत होतो. हा लाभ मोजक्या लोकांना मोठ्या प्रमाणात मिळतो. तोटा मात्र, म्हणजे नळाचे कमी झालेले पाणी, तुंबलेली मलवाहिनी, हरवलेले ऊन आणि रस्त्यावर उभ्या राहिलेल्या गाड्या, हजारो घरांत थोडा-थोडा वाटला जातो. ज्याचा लाभ मोठा तो वास्तुविशारद, वकील आणि सल्लागार घेऊन सुनावणीला येतो. ज्याचा तोटा थोडा तो कामावर जातो. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली सामूहिक कृतीचे जे तर्कशास्त्र मांडले, त्याचे प्रात्यक्षिक पाहावयाचे असेल तर कोणत्याही शहरातील अशा सुनावणीत मागच्या रांगेत बसावे. त्यात आणखी एक गुंता असा की, वाढीव एफएसआय अधिमूल्य घेऊन देण्याची पद्धत अनेक शहरांत रूढ झाली आहे. नियम करणारे प्राधिकरणच अशा रीतीने त्या नियमातील मालाचे विक्रेते होते. दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याची हरकत ऐकायला बसवावे, त्यातला हा प्रकार.

माझा उंच इमारतींना विरोध आहे असा समज कृपया करून घेऊ नये. जमीन वाढत नाही, माणसे वाढतात, आणि शहराला वर जावे लागते. उंचीची मर्यादा हा निसर्गनियमही नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत १५ मीटर वा त्याहून उंच इमारतीला 'उंच इमारत' म्हटले आहे, तर तामिळनाडूच्या २०१९ च्या नियमांत ती रेषा १८.३० मीटरवर आहे. हैदराबादेत २००६ मध्ये एफएसआयची मर्यादाच उठवली गेली आणि रस्त्याची रुंदी, उंची व मोकळी जागा यांवर नियंत्रण ठेवण्याचा मार्ग पत्करला गेला. मुंबईने याउलट कित्येक दशके बेट शहरात १.३३ चा आकडा धरून ठेवला आणि त्याला शेकडो अपवाद जोडले. यातले योग्य काय यावर जाणकारांत प्रामाणिक मतभेद आहेत. हे सारे निवडीचे प्रश्न आहेत. आणि निवड करावयाची असेल तर ज्यांच्या डोक्यावर ती उभी राहणार त्यांना कारणे कळली पाहिजेत.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचे काम सुरू असताना, प्रारूपाच्याही आधी, २०१२ च्या अखेरीस विद्यमान जमीनवापराचे नकाशे प्रसिद्ध करण्यात आले. नागरिकांनी आणि अभ्यासकांनी त्यांतील चुका दाखविल्या, आणि काही दुरुस्त्या झाल्या. पुढे विभागवार चर्चाही झाल्या. सुरुवात एवढी चांगली होऊनसुद्धा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप बाहेर आले तेव्हा त्यात काही ठिकाणी आठपर्यंत एफएसआय सुचविलेला होता, आणि नकाशांवर ढोबळ चुका होत्या. सुमारे ६५ हजार हरकती व सूचना आल्या. एप्रिल महिन्यात मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप दुरुस्त करून नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. लोकसहभागामुळे कामाला उशीर होतो, असे आमच्या मंडळींत नेहमी म्हटले जाते. या प्रकरणात उशीर झाला तो मधल्या दोन-अडीच वर्षांत लोक आणि मसुदा यांची ताटातूट झाल्यामुळे. 'आठ' हा आकडा कोणत्या विचाराने आला, पाणी आणि रेल्वे यांचा हिशेब काय धरला, हे सामान्य मुंबईकराला कळेल अशा भाषेत आधी समोर ठेवले असते, तर त्या ६५ हजारांतील किती हरकती उरल्या असत्या?

मुदतीचा खेळ हाही एक विषय आहे. दिल्लीत २०१८ च्या फेब्रुवारीत, दुकानांना ठोकल्या जाणाऱ्या सीलांचा वाद पेटलेला असताना, बृहत् आराखड्यातील बदलांवर हरकतींसाठी अवघे तीन दिवस देण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीला स्थगिती दिली, आणि पुढे मे महिन्यात पंधरा दिवसांची मुदत देऊन प्रक्रिया पुन्हा करवून घेतली. त्याच शहरात २०२१ च्या जूनमध्ये पुढच्या आराखड्याचे प्रारूप आले, तेव्हा मुदत वाढवून अडीच महिने दिली गेली आणि सुमारे ३३ हजार हरकती आल्या. त्यांत फेरीवाले, घरकामगार, भाडेकरू यांच्या बाजूने झालेल्या संघटित मांडणीचा वाटा होता, ही मला मोठी गोष्ट वाटते. प्राधिकरणाने २०२३ च्या फेब्रुवारीत तो आराखडा मंजूर करून केंद्राकडे पाठविला आणि नंतर तो दीर्घकाळ अधिसूचनेची वाट पाहत राहिला. ३३ हजारांपैकी कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली व का, हे त्या घरकामगार बाईला कोण सांगणार?

यावर "हजारो हरकतींना उत्तरे देणे अशक्य आहे" असे नेहमीचे उत्तर येते. मीही ते दिलेले आहे. ते खरे नाही हे मला दूरसंचार क्षेत्राकडे पाहून कळले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या कायद्यात १९९७ पासून पारदर्शकतेचे बंधन आहे, आणि त्यातून एक पद्धत घडली आहे. आधी प्रश्नांसह सल्लामसलत-पत्र, मग मते, मग त्या मतांवर प्रतिमते, मग खुली चर्चा, आणि अखेरीस नियमासोबत कारणमीमांसा. डिसेंबर २०१५ मध्ये इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांविषयी असे पत्र निघाले, तेव्हा सुमारे २४ लाख प्रतिसाद आले. त्यांतील बहुसंख्य एकाच साच्यातले होते, एका कंपनीच्या योजनेला पाठिंबा देणारे. प्राधिकरणाने डोकी मोजली नाहीत. आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कोणी दिली ते पाहिले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावी दरांना बंदी घालणारा नियम सविस्तर स्पष्टीकरणासह प्रसिद्ध केला. हरकतींची संख्या २४ लाख असली तरी मुद्दे फार तर पंचवीस-तीस असतात. उत्तर मुद्द्याला द्यावयाचे असते.

त्याच वर्षी मे महिन्यात, तुटणाऱ्या कॉलच्या भरपाईचा नियम रद्द करताना, सर्वोच्च न्यायालयाने संसदेला असे सुचविले की दुय्यम विधिविधान करणाऱ्या सर्वच संस्थांसाठी मसुदा, मते आणि सकारण उत्तर अशी पद्धत कायद्याने लागू करावी. केंद्र सरकारने तर त्याआधीच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण ठरविले होते. मसुदा, त्यामागची कारणे, खर्च, लोकांच्या जीवनावरील व उपजीविकेवरील परिणाम हे सारे किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावे आणि आलेल्या प्रतिक्रियांचा गोषवारा प्रसिद्ध करावा, असे ते धोरण सांगते. केंद्राची खातीही ते नेहमी पाळत नाहीत हे मी आतून सांगू शकतो. महापालिकांच्या नियमावल्यांना तर ते लागूच नाही. म्हणजे माझ्या दूरध्वनीच्या दरात बदल व्हावयाचा असेल तर मला कारणे मिळतात. माझ्या खिडकीसमोर पंचेचाळीस मीटरची भिंत यावयाची असेल तर मिळत नाहीत.

न विचारण्याचा अनुभव आम्हा सरकारी नोकरांनाही आला आहे. २०१६ मध्ये दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी मिळाली. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी ठिकाणच्या सुमारे १३ हजार जुन्या घरांच्या जागी सुमारे साडेपंचवीस हजार नवी घरे बांधावयाची होती. घरांची टंचाई खरी होती, त्यामुळे हेतूविषयी वाद नव्हता. पण जून २०१८ मध्ये झाडांवर कुऱ्हाड पडू लागली तेव्हा माणसे रस्त्यावर आली, झाडांना मिठ्या मारून उभी राहिली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, वृक्षतोड थांबली आणि मग झाडे वाचविण्यासाठी आराखड्यांची फेररचना करण्याचे जाहीर झाले. जे फेरफार आंदोलनानंतर शक्य झाले ते आंदोलनापूर्वीही शक्य होते. मी स्वतः अशाच एका दुमजली वसाहतीत नऊ वर्षे राहिलो आहे. तेथील कोणता कडुनिंब कोणत्या चौकाला सावली देतो, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते, कोणत्या वळणावर पाण्याचा टँकर अडतो, हे तिथल्या कुठल्याही गृहिणीने दहा मिनिटांत सांगितले असते.

तरीही एक गोष्ट मला सतत टोचते. सुनावणीला येतो तो आधीच घर असलेला माणूस. त्याच्या हरकतीत तथ्य असते आणि स्वार्थही असतो. शेजारी इमारत नको, रहदारी नको, 'बाहेरचे' लोक नकोत. ज्या कुटुंबाला त्या नव्या इमारतीत घर मिळणार असते, ते आज वीस किलोमीटर लांब भाड्याच्या खोलीत असते किंवा अजून गावाहून निघालेलेच नसते. त्याची हरकत कोणी लिहीत नाही. केवळ उपस्थितांचे ऐकून नियम केला तर शहराची दारे बंद होतात आणि जागांचे भाव चढत जातात. म्हणून मी मतदानाने नियम ठरविण्याच्या विरुद्ध आहे. सकारण उत्तराचा आग्रह मी धरतो तो यासाठीही, की "आपले ऊन कमी होईल हे खरे आहे, परंतु त्या बदल्यात या रस्त्यावर इतकी लहान घरे होतील, आणि म्हणून आम्ही हा निर्णय घेत आहोत" असे सरकारला उघडपणे लिहावे लागेल. असे लिहिता आले नाही, तर निर्णयातच खोट आहे असे समजावयास हरकत नाही. आणि लिहून दिलेले लहान घरांचे आश्वासन पुढे आलिशान सदनिकांत बदलले, तर तो कागद दाखविताही येईल.

प्रत्यक्षात काय करता येईल? मसुद्याच्या आधी एक साधे पत्रक, स्थानिक भाषेत. त्यात एकाच गल्लीची तीन चित्रे : आजची, आठ मजल्यांची, पंधरा मजल्यांची. पाण्याची आजची उपलब्धता आणि वाढीव मागणी. अग्निशमन दलाची शिडी किती मीटरपर्यंत पोचते आणि तिची गाडी त्या गल्लीत वळते का. २१ डिसेंबरची सावली. सुनावणी प्रभागात, संध्याकाळी, म्हणजे कामावरून परतलेला माणूस येऊ शकेल. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, त्यांना याहून चांगले काम कोणते? अंतिम नियमासोबत मुद्देवार उत्तरांचा तक्ता, राजपत्रातच. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम महत्त्वाच्या धोरणांची सारी वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी आणि बाधितांना निर्णयाची कारणे द्यावीत असे २००५ पासून सांगतच आहे, तेव्हा नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. आणि 'स्पष्टीकरणात्मक परिपत्रक' व 'विशेष बाब' या दोन मागच्या दारांनाही हाच नियम लागू व्हावा. सर्वांसमोर ठरलेली उंची बंद खोलीत वाढते ती याच दारांनी. या शेवटच्या सूचनेला आमच्या मंडळींचा सर्वांत जास्त विरोध असतो, हे अनुभवाने सांगतो.

त्या निवृत्त गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर एकदा घरी बसून काढले. फारसे अवघड नव्हते. ते शहर साधारण साडेअठ्ठावीस अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला तिथे भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून अडतीस अंशांवर असतो, आणि ४५ मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे ५८ मीटर पडते. आमच्या नियमात राष्ट्रीय संहितेच्या धर्तीवर १३ मीटर मोकळी जागा सोडावयाची होती. त्यांचे अंगण हद्दीपासून पाच मीटर धरले, तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांच्या अंगणात मध्यान्हीचे ऊन येणार नाही. अर्ध्या पानाचे गणित. तोवर अधिसूचना निघून सात महिने झाले होते. सुनावणीच्या हजेरीपटावर त्यांचा पत्ता होता. मी पत्र लिहिले नाही.